आयत्या बिलावर नागोबा

४२६ विरुद्ध ०. अमेरिकेच्या हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, हल्ली सूर्य पूर्वेला उगवतो का यावर मतदान घेतलं तरी पाचपन्नास जण विरोधात जातील अशी परिस्थिती आहे, तिथे १९ नोव्हेंबर २०२५ ला रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट झाडून सगळे एका बाजूला. आणि मजा म्हणजे ज्या कलमाच्या विरोधात हे मतदान झालं ते कलम याच सभागृहाने आठवडाभर आधी, १२ तारखेला, २२२ विरुद्ध २०९ मतांनी पास केलं होतं.

झालं होतं असं की खर्चाची बिलं वेळेत पास झाली नाहीत म्हणून १ ऑक्टोबरपासून सरकार बंद. ४३ दिवस. अमेरिकेच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात लांबलेला शटडाऊन. सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, कसंबसं सरकार उघडायचं एक बिल पास करून हाऊसकडे पाठवलं आणि त्यात मध्येच कुठेतरी हे कलम, की तपास यंत्रणेने एखाद्या सिनेटरचे फोन रेकॉर्ड त्याला न कळवता मिळवले तर त्या सिनेटरने सरकारवर दावा ठोकावा, प्रत्येक वेळचे कमीत कमी ५ लाख डॉलर. तेही मागच्या तारखेपासून लागू. २०२० च्या निवडणुकीचा निकाल फिरवायच्या प्रयत्नांचा तपास करताना सरकारने नेमलेले विशेष वकील जॅक स्मिथ यांच्या टीमने काही रिपब्लिकन सिनेटर्सचे कॉल रेकॉर्ड मागवले होते, म्हणजे कोणी कोणाला कधी फोन केला एवढंच, बोलणं नाही, त्याचा हा वचपा. पैसे अर्थात सरकारी तिजोरीतून, म्हणजे आमच्या टॅक्समधून. आणि सोय फक्त सिनेटर्सची, हाऊसच्या मेंबरांना काही नाही (मला शंका आहे की निम्मा राग याचाच असावा).

हाऊसचे स्पीकर माइक जॉन्सन म्हणाले हे कलम बघून मलाच धक्का बसला. पण करणार काय? एक स्वल्पविराम जरी बदलला असता तरी बिल परत सिनेटकडे गेलं असतं आणि सरकार अजून बंद राहिलं असतं. एअर ट्रॅफिक कंट्रोलर बिनपगारी कामावर येत होते, ४० विमानतळांवरच्या फ्लाइट कमी करायची ऑर्डर निघाली होती, आणि ४ कोटींवर लोक ज्या स्नॅपच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी अन्नमदतीच्या, कार्डावर महिन्याचा किराणा भरतात त्याचे नोव्हेंबरचे पैसे लटकलेले. नाक दाबलं की तोंड उघडतं. बिल गिळलं, सही झाली, सरकार उघडलं आणि मग आठवड्याने ते एक कलम रद्द करा म्हणून वेगळं बिल आणून ४२६ विरुद्ध ०. बैल गेला आणि झोपा केला.

खर्चाच्या बिलावर असं चढून बसलेलं, खर्चाशी काडीचाही संबंध नसलेलं जे कलम असतं त्याला इथे रायडर म्हणतात. त्याच बिलात अजून एक होता, हेम्पचा. हेम्प म्हणजे गांजाच्याच जातीचं रोप, नशा नावालाच. २०१८ च्या फार्म बिलात केंटकीचे सिनेटर मिच मॅककॉनल यांनी त्याची शेती कायदेशीर करून घेतली, तंबाखूवाल्या शेतकऱ्यांना दुसरं पीक मिळावं म्हणून. लोक काय कमी डोक्याचे असतात का, त्यांनी त्यातूनच नशेच्या गोळ्या आणि ड्रिंक्स काढली आणि ती पेट्रोल पंपावर चिप्सच्या शेजारी मिळायला लागली. मग आता त्याच मॅककॉनल यांनी सरकार उघडायच्या बिलात कलम घालून घेतलं की अख्ख्या पाकिटात ०.४ मिलिग्रॅमच्या वर टीएचसी (नशा आणणारं रसायन) नको, धंदा गुंडाळायला एक वर्ष देतो. केंटकीचेच दुसरे सिनेटर रँड पॉल यांनी ते काढायचा प्रयत्न केला, सिनेटने ७६ विरुद्ध २४ ने बाजूला सारला. या गोळ्यांवर बंधन हवं का म्हणाल तर हवं, माझ्या घरात शाळेत जाणारी पोरं आहेत. पण हा अब्जावधी डॉलरचा धंदा, त्यावर स्वतंत्र बिल आणा, सुनावण्या घ्या, दोन्हीकडचे डॉक्टर बोलवा. कंट्रोलरचा पगार अडलेला असताना रात्रीतून कसलं उरकताय?

आता गांजाचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गंमत सांगतो. मी राहतो मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टन डीसीपासून मेट्रोच्या रेड लाइनवर. काही वर्षांपूर्वी पुण्याहून मामा-मामी आले होते, त्यांना व्हाइट हाऊस, म्युझियम वगैरे सगळं दाखवून झाल्यावर जेवायला यू स्ट्रीटला घेऊन गेलो. तिथे एका दुकानाच्या काचेत साधी चिकटवायची स्टिकर लावलेली, किंमत पन्नास डॉलर. मामा बँकेतून रिटायर झालेले, त्यांची नजर आधी किमतीवर जाते. म्हणाले, "अरे हे पन्नास डॉलरचं काय आहे त्यात? सोन्याचं आहे का?" मी म्हणलं मामा, स्टिकर पन्नासचं आहे आणि त्याच्यावर गांजा फ्री आहे. मामी पटकन पुढच्या दुकानाकडे चालायला लागल्या, मामा मात्र तिथेच उभे, त्यांना समजूनच घ्यायचं होतं.

समजावून सांगायला जेवण संपलं. डीसीच्या लोकांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये मोठ्या बहुमताने गांजा कायदेशीर करायला मत दिलं. पण डीसी हे राज्य नाही, त्याच्या बजेटवर काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, हात, आणि काँग्रेसमध्ये डीसीचा मत देणारा एकही मेंबर नाही. त्याच डिसेंबरात खर्चाचं जे भलंमोठं बिल आलं त्यात अँडी हॅरिस नावाच्या काँग्रेसमनच्या पुढाकाराने एक रायडर घुसला, की डीसी सरकारने गांजा कायदेशीर करायला एक पैसा खर्च करायचा नाही. हे हॅरिस निवडून येतात कुठून तर मेरीलँडच्या ईस्टर्न शोअरवरून, म्हणजे डीसीचा एकही मतदार त्यांना मत देऊ शकत नाही. परिणाम काय, तर गांजा जवळ बाळगणं चालतं, घरी झाड लावणं चालतं, मित्राला फुकट देणं चालतं, पण विक्रीचे नियम आणि टॅक्स ठरवायला डीसीच्या कौन्सिलने बसायचं म्हटलं तर त्या बैठकीचा खर्च बेकायदेशीर. म्हणून स्टिकर. आणि हॅरिस यांच्या स्वतःच्या मेरीलँडमध्ये १ जुलै २०२३ पासून रीतसर दुकानं आहेत, पावती मिळते, टॅक्स कापला जातो. मामा शेवटी म्हणाले, "म्हणजे एका ओळीमुळे सरकारचा टॅक्स बुडतोय आणि दुकानदाराचा फायदा होतोय." बँकेतला माणूस, बरोबर जागी बोट ठेवलं.

बरं हे सगळं चालतं कसं? अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्याआधी खर्चाची १२ वेगवेगळी बिलं पास व्हायला पाहिजेत: शेतीचं, सैन्याचं, शिक्षण-आरोग्याचं, असं. सगळी बिलं वेळेवर पास झाली असं शेवटचं वर्ष १९९६. तेव्हापासून एकदाही नाही. मग काय करतात, तर जुन्याच दराने पुढचे काही आठवडे चालू द्या म्हणून एक तात्पुरतं बिल, मग अजून एक तात्पुरतं, आणि डिसेंबरात नाताळच्या सुट्टीची विमानं पकडायच्या आधी सगळं एकत्र बांधून एक ऑम्निबस. २०२० च्या डिसेंबरातला ५,५९३ पानांचा होता, कोविडचे चेक त्यातच, हातात आला त्याच दिवशी मतदान. त्यात तिबेटचं धोरण होतं, घोड्यांच्या शर्यतीतल्या डोपिंगचा कायदा होता, दोन नवीन म्युझियम होती, आणि जंगलातल्या वणव्यांच्या जाहिरातीत जो स्मोकी बेअर नावाचा अस्वल आहे त्याचं चित्र परवानगीशिवाय वापरल्यास तुरुंग, हा जुना गुन्हा रद्द केलेला होता. अस्वलाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पाच हजार पानं कोणी वाचली असतील?

नियमाने पाहिलं तर हाऊसच्या नियम २१ प्रमाणे खर्चाच्या बिलात नवीन कायदा करायलाच बंदी आहे. पण नियम शिथिल करायचा अधिकारही हाऊसकडेच, ते एका ठरावात होऊन जातं. शिवाय एक पळवाट अगदी कायदेशीर आहे. अमुक करू नका असं लिहायचंच नाही, लिहायचं की या कायद्याने दिलेल्या निधीतला कुठलाही भाग अमुक कामासाठी वापरता येणार नाही. झाला खर्चाचा नियम! गर्भपाताला केंद्राचा पैसा नाही हे हेन्री हाइड यांचं कलम १९७६ मध्ये असंच आलं आणि आज पन्नास वर्षं होत आली, तो कायम कायदा कधी झालाच नाही, दरवर्षीच्या बिलात परत परत छापला जातो. राष्ट्राध्यक्षाला एखादं कलम तेवढं खोडता येत नाही, घेतलं तर सगळं नाहीतर व्हेटो. १९९६ मध्ये काँग्रेसने तसा अधिकार दिला होता, क्लिंटननी वापरलाही, १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवला.

आपल्याकडे हे नाही असं समजून हसू नका. २०१७ च्या फायनान्स बिलात इलेक्टोरल बाँडची तरतूद आणि एका पाठोपाठ एक ट्रिब्युनलं गुंडाळायची तरतूद एकाच गाठोड्यात होती, मनी बिल म्हणून राज्यसभेला नाकारायची सोयच नाही, आणि बाँड घटनाबाह्य ठरायला १५ फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. फरक असलाच तर एवढा की आपल्याकडे बहुमत पक्कं असल्यामुळे जमतं आणि इथे कोणाचंच बहुमत पक्कं नसल्यामुळे.

शटडाऊनच्या ऐन मध्यात दिवाळी आली. आमच्या भागातली अर्धी मराठी मंडळी कुठल्या ना कुठल्या मार्गाने सरकारशी बांधलेली, कोणी बेथेस्डाच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेत, कोणी व्हाइट ओकच्या एफडीए या अन्न-औषध खात्यात, कोणी बॉल्टिमोरकडे सोशल सिक्युरिटीच्या सॉफ्टवेअरवर, आणि बहुतेक जण थेट नोकरीत नाहीत, कॉन्ट्रॅक्टरकडे आहेत. मंडळाच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलापाशी दोन गट सहज ओळखू येत होते. फेडरल नोकरीतले फर्लोवर, म्हणजे सक्तीच्या बिनपगारी रजेवर, होते पण त्यांना माहिती होतं की २०१९ च्या कायद्याने पगार उशिरा का होईना मिळणार, ते चकलीची रेसिपी विचारत होते. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना तो कायदा लागू नाही. एक दादा, एरवी नाटकात विनोदी काम करणारे, चिवड्याची वाटी हातात धरून मला म्हणाले, "त्यांची ती सुट्टी आणि आपला तो खाडा." घरभाडं, डे-केअर, गाडीचा हप्ता, सगळं त्यांनी पाठ म्हणून दाखवलं. मी रायडरचं काहीतरी बोलायला लागलो तर म्हणाले, "गप रे, मला बिल पास झालेलं पाहिजे, त्यात अस्वल घाल नाहीतर वाघ घाल."

बरोबरच आहे त्यांचं. रायडर घालणाऱ्याचं सगळं गणित या दादांसारख्या माणसांवरच उभं असतं. जितके जास्त लोक टांगलेले, तितकी बिलावर बसायची जागा पक्की.

त्याच टेबलापाशी एक वहिनी होत्या, बॉल्टिमोरच्या एका विद्यापीठात कॅन्सरवर काम करतात. त्यांचं २०२५ हे वर्ष फेब्रुवारीतच बिघडलं होतं. ७ फेब्रुवारी, शुक्रवार, एनआयएचने जाहीर केलं की संशोधनाच्या ग्रँटवर जो वरखर्च मिळतो, म्हणजे लॅबची वीज, उंदरांची खोली, कचऱ्याची विल्हेवाट, हिशेब ठेवणारी माणसं, तो सोमवारपासून सरसकट १५ टक्के. अनेक मोठ्या विद्यापीठांचा दर ५० टक्क्यांच्या वर. सरकार म्हणालं वर्षाला ४ अब्ज डॉलर वाचतील. वहिनींच्या लॅबमध्ये शनिवारी सकाळी मीटिंग, कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं याची यादी. त्या सांगत होत्या की यादीत पहिलं नाव कोणाचं असतं माहिती आहे का, उंदीर सांभाळणाऱ्याचं, कारण त्याचा पगार वरखर्चातून निघतो, आणि तो गेला की बाकी सगळ्यांचा प्रयोग महिनाभरात बसतो.

ती यादी वापरायची वेळ आली नाही. राज्यं आणि विद्यापीठं कोर्टात गेली, मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश अँजेल केली यांनी आधी स्थगिती दिली आणि एप्रिलमध्ये कायमची मनाई. आधार कशाचा? इतर कारणं होतीच, पण मुख्य आधारांपैकी एक म्हणजे रायडर! २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या टर्मला हाच वरखर्च १० टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव होता, तेव्हा काँग्रेसने, तीही रिपब्लिकन बहुमताची, २०१८ च्या खर्चाच्या बिलात एक कलम टाकून ठेवलं की हे दर ठरवायची पद्धत बदलायला या निधीतला पैसा वापरता येणार नाही. तेव्हापासून ते दरवर्षी निमूटपणे पुढच्या बिलात उतरत राहिलं. मी वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पण रायडर वाईट असतात ना? मघाशी तुम्हीच सांगत होतात."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी लाडू तोंडात टाकला.

पण गंमत बघा, हीच युक्ती, आरोग्य खात्याच्याच दुसऱ्या संस्थेवर, अगदी उलट्या बाजूने आधी चालवून झालेली आहे. सीडीसी म्हणजे रोगनियंत्रण करणारी संस्था, नव्वदच्या दशकात ती बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंवर संशोधनाला पैसे देत होती. घरात बंदूक असेल तर घरातल्याच माणसाचा खून व्हायची शक्यता वाढते असा एक अभ्यास १९९३ मध्ये गाजला. बंदूकवाल्या लॉबीला झोंबला. १९९६ मध्ये अर्कान्सॉचे काँग्रेसमन जे डिकी यांनी बिलात कलम घातलं: सीडीसीच्या या निधीतला काहीही बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार किंवा प्रचार करायला वापरता येणार नाही. वाचलं तर निरुपद्रवी वाटतं, संशोधनाला बंदी कुठे आहे? पण सोबत सीडीसीचे २६ लाख डॉलर कापले, बरोब्बर तेवढेच जेवढे आदल्या वर्षी बंदुकांच्या संशोधनावर खर्च झाले होते. पुढे ती रक्कम मेंदूच्या दुखापतींच्या संशोधनाला दिली. निरोप पोचला. कुठला अधिकारी कशाला नसती आफत ओढवून घेईल? वीस-बावीस वर्षं तिथे या विषयाला कोणी फारसा हात लावला नाही. डिकी स्वतः नंतर पस्तावले, ज्या मार्क रोझेनबर्ग यांच्या विभागाला त्यांनी दणका दिला त्यांच्याशीच त्यांची मैत्री झाली आणि २०१२ मध्ये दोघांनी मिळून वॉशिंग्टन पोस्टमध्ये लिहिलं की हे संशोधन व्हायला हवं. डिकी २०१७ मध्ये गेले. पैसा परत मिळाला तो २०२० च्या बजेटमध्ये, सीडीसी आणि एनआयएच मिळून अडीच कोटी डॉलर. कलम मात्र आजही आहे तसंच छापलं जातं.

मला बजेट कटपेक्षा रायडरची भीती जास्त वाटते ती यामुळे. कट म्हटलं की आकडा असतो, आकड्यावर हेडलाइन होते, मोर्चा निघतो, पुढच्या वर्षी कोणीतरी आकडा वाढवतो. २६ लाख डॉलर ही या सरकारच्या हिशेबात चहापाण्याची रक्कम. तिने काही बिघडलं नसतं. बिघडवलं त्या एका वाक्याने, ज्याची किंमत बजेटमध्ये शून्य.

आता माझ्या स्वतःच्या कलमाकडे येतो. मी पुण्यात इंजिनिअरिंग करून इथे एमएसला आलो, नोकरी लागली, एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) मिळाला तो मास्टर्सच्या कोट्यातून. अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी ६५ हजारांच्या वर वेगळे २० हजार व्हिसा असतात हे एमएसला येणाऱ्या प्रत्येक मराठी पोराला पाठ असतं, जीआरईच्या आधी ते पाठ होतं. ते २० हजार आले कुठून हे विचारायचं मला बरीच वर्षं सुचलंच नाही. माझी समजूत अशी होती की कोणीतरी शहाण्या माणसांनी बसून, देशाला किती इंजिनिअर लागतात याचा विचार करून कायदा केला असेल.

ते आले २००४ च्या ऑम्निबसमधून. आधी वर्षाला १ लाख ९५ हजारांपर्यंत गेलेला कोटा परत ६५ हजारांवर पडला होता, आणि १ ऑक्टोबर २००४ ला, नवीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी, तो संपला. कंपन्या धावल्या. स्वतंत्र इमिग्रेशन बिल पास व्हायची शक्यता तेव्हाही नव्हती आणि आजही नाही, मग तीन हजारांवर पानांच्या खर्चाच्या बिलात हे बसवलं. शेजारी कोण कोण बसलं होतं बघा. वेस्ट व्हर्जिनियाचे म्हातारे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांचं कलम, की केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळा-कॉलेजने १७ सप्टेंबरला संविधान दिन पाळून संविधानावर कार्यक्रम घ्यायचा. माझी पोरं दर सप्टेंबरात वर्कशीट घेऊन येतात ती यामुळे. गर्भपाताला नकार देणाऱ्या हॉस्पिटलांना संरक्षण देणारं कलम. आणि या सगळ्याच्या मध्ये एक वाक्य, की खर्च समितीच्या अध्यक्षाने पत्र दिलं तर त्याच्या माणसांना कोणाचंही इन्कम टॅक्स रिटर्न बघू द्यावं. कोणाचंही! सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या बाजूने कोणाच्या तरी ते ऐन मतदानाच्या वेळी नजरेस पडलं, भर सभागृहात गोंधळ झाला, ज्यांच्या नावाने ते गेलं ते म्हणाले आम्ही वाचलंच नव्हतं. ते वाक्य काढेपर्यंत अख्खं बिल थांबलं आणि ८ डिसेंबर २००४ ला बुश यांची सही झाली. म्हणजे माझा व्हिसा, संविधानाचा दिवस आणि शेजाऱ्याचं रिटर्न चोरून बघायची परवानगी, हे तिघं एकाच पिशवीतून घराबाहेर पडले होते.

हे कळलं तेव्हा मला काय वाटलं हे नीट सांगता येत नाही. लाज वाटली नाही, उगाच कशाला खोटं बोलू. रांगेत घुसून मिळालं असंही नाही, लॉटरीत नंबर लागला होता. पण मंडळात कोणी रायडरवर तावातावाने बोलायला लागलं की मी आता आधी अंदाज घेतो, याचं स्टेटस काय असेल, मास्टर्सच्या कोट्यातला आहे का. बहुतेक असतोच.

आणि जे बिलातून आलं त्याचं बिलही नंतर बिलातूनच आलं. ऑगस्ट २०१० मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर जास्त गस्त घालायला ६० कोटी डॉलरचं बिल आलं, पैसा कुठून आणायचा तर ज्या कंपन्यांचे अमेरिकेत पन्नास किंवा जास्त कर्मचारी आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त एच-वन किंवा एल-वन (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) वर आहेत त्यांच्याकडून, एच-वनला २,००० डॉलर आणि एल-वनला २,२५०. अशा कंपन्या कोण हे सांगायला ज्योतिषी नको. सिनेटर शूमर यांनी तर इन्फोसिसचं नाव घेऊन चॉप शॉप म्हणलं, म्हणजे चोरीच्या गाड्या सुट्या करून विकणारं गॅरेज, आणि नंतर त्यांच्या ऑफिसला सारवासारव करावी लागली. ॲरिझोनाच्या वाळवंटातला गस्तीवाला आणि हिंजवडीतून क्लायंटकडे जाणारा पोरगा यांचा संबंध काय? एकाचा पगार दुसऱ्याच्या व्हिसातून, एवढाच.

त्या फीची मुदत ३० सप्टेंबर २०१५ ला संपली. अडीच महिने कंपन्यांनी सुटकेचा श्वास घेतला असेल, तोवर १८ डिसेंबरच्या ऑम्निबसमधून ती दुप्पट होऊन परत आली, एच-वनला ४,००० आणि एल-वनला ४,५००, यावेळी त्यातला वाटा विमानतळावरच्या बायोमेट्रिक नोंदीसाठी. भारताने मार्च २०१६ मध्ये डब्ल्यूटीओकडे (जागतिक व्यापार संघटना) तक्रार नेली. फी तिथेच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये १ लाख डॉलरच्या फीची घोषणा झाली तेव्हा त्या धुरळ्यात या जुन्या चार हजारांकडे कोणाचं लक्षही गेलं नाही. त्या लाखाला तर बिलच लागलं नाही, राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीत काम झालं, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

चार हजारांची मुदत २०१८ च्या अजून एका बजेट कायद्यात वाढवून ठेवलेली आहे, ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, म्हणजे परत १२ बिलं अडलेली असणार. माझा मावसभाऊ हिंजवडीत एका कंपनीच्या व्हिसा टीममध्ये आहे, त्याने परवा व्हॉट्सॲपवर विचारलं, दादा ही फी २०२७ ला जाणार ना नक्की? मी लिहिलं की इमिग्रेशनच्या बातम्यांत शोधू नकोस, तेव्हा शेतीचं, सैन्याचं, वादळग्रस्तांचं जे काही बिल घाईत असेल ते काढ आणि शेवटच्या प्रकरणापासून उलटं वाचत ये. त्याने विचारलं पानं किती असतात साधारण. मी आकडा सांगितला. दोन निळ्या टिका आल्या, पुढे काही नाही.